आठ डिसेंबरचे रोकोको

त्या रविवारी असुंता सकाळी आठलाच दारात येऊन उभी राहिली, याचं अनुराधाला जरा नवलच वाटलं. सात वर्षं शेजारी राहून असुंता कधी बोलवायला आली नव्हती. दर वर्षी आठ डिसेंबरला दहाच्या सुमारास अनुराधाच मिक्सर उचलून मागच्या दाराने तिच्या स्वयंपाकघरात शिरायची.

"चल, राधा. आज लवकर सुरू करू," असुंता म्हणाली. अनुराधा हे नाव तिच्या जिभेवर कधी बसलंच नाही, म्हणून पहिल्या आठवड्यातच तिने त्याचं राधा करून टाकलं होतं.

"अजून आंघोळ व्हायची आहे माझी."

"मग करून ये. मी थांबते." आणि ती खरंच सोफ्यावर बसून राहिली, पर्स मांडीवर धरून, डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखी.

असुंता नेपल्सची, साठी ओलांडलेली. तिचा नवरा विन्चेन्झो सौदी अरेबियातल्या जुबैलमध्ये वेल्डिंग इन्स्पेक्टर होता. अनुराधा नाशिकची, नवरा हरिहर पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये इंजिनिअर, मुलगी रुचा अकरावीत. उंच भिंतींच्या त्या कंपाउंडमध्ये दोघींची घरं पाठीला पाठ लावून होती. दोघींचंही इंग्रजी मोडकंतोडकं, त्यामुळे कुणाला कुणासमोर लाजायचं कारण नव्हतं.

नेपल्समध्ये आठ डिसेंबर हा मेरीमातेचा सण. त्या दिवसापासून सहा जानेवारीपर्यंत प्रत्येक घरात रोकोको असायलाच हवेत, असं असुंता सांगायची. रोकोको म्हणजे बदामाची, संत्र्याच्या सालीची, मसाल्याची बांगडीसारखी गोल बिस्किटं. दिसायला साधी, पण अशी कडक की नुसती चावायला गेलं तर दाढ हलेल. कशात तरी बुडवूनच खायची. पिठात अंडं नसतं, फक्त वरून फासतात. अनुराधाच्या घरी अंडं चालत नाही म्हणून असुंता तिच्या वाटणीच्या ट्रेला दूध लावायची. मसाला मात्र अनुराधाने वाटायचा हे पहिल्या वर्षापासून ठरलेलं. दालचिनी, लवंग, जायफळ, बाद्यान, मिरी, थोडे धणे. "यात दगडफूल घातलं की आमचा गोडा मसाला झाला," असं ती तेव्हा म्हणाली होती, आणि दगडफूल म्हणजे काय हे समजावताना दोघींची अर्धी सकाळ गेली होती.

या वर्षीचे रोकोको शेवटचे. विन्चेन्झोची नोकरी संपली होती, फायनल एक्झिटचा शिक्का बसला होता आणि अठ्ठावीस तारखेला दोघं कायमची इटलीला निघणार होती. एरवी अनुराधा या दिवसाची वाट पाहायची. या खेपेला तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

तिची आई नोव्हेंबरमध्ये नाशिकच्या घरात घसरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आठ दिवसांनी घरी आली. धाकटा भाऊ जयदीप आणि त्याची बायको सगळं बघत होते, पण आईचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत चालला होता, आणि अनुराधाला जाता येत नव्हतं. हरिहरने ऑक्टोबरमध्ये कंपनी बदलली होती. घरातल्या सगळ्यांचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, नव्या कफीलकडे, म्हणजे नव्या मालक कंपनीकडे, ट्रान्स्फर होत होते. ते काम पुरं होईपर्यंत देशाबाहेर जाऊन परत यायचा एक्झिट री-एन्ट्री व्हिसा निघत नव्हता. बाहेर पडायला दारच नव्हतं. ऑफिसातला माणूस रोज 'बुकरा, इन्शाल्ला', उद्या होईल, असं म्हणायचा, आणि हरिहर रोज संध्याकाळी तेच घेऊन घरी यायचा.

म्हणून ती रोज सकाळी साडेसातला, म्हणजे नाशिकच्या दहाला, फोन लावायची. आज तो लावता आला नव्हता. हरिहर सकाळीच तिचा फोन घेऊन गेला होता. "व्हिसाच्या कामाला तुझ्या नंबरवर ओटीपी येणार आहेत. आज काम होईलसं दिसतंय," असं बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला होता. "आणि जयदीपचा मेसेज होता. आईंना व्यायामाला बसवलंय, दुपारी बोलू म्हणाला." मग त्याने रुचालाही आज बसने न पाठवता गाडीत घेतलं होतं. व्हिसाचं नाव ऐकून अनुराधाला इतकं बरं वाटलं की तिने दुसरं काही विचारलंच नाही.

असुंताच्या ओट्यावर सगळं मांडून ठेवलेलं होतं. मैदा, साखर, भाजलेले बदाम, किसलेली संत्र्याची साल. बिस्किटं खुसखुशीत व्हायला लागणारी अमोनियाची पूड मूळच्या श्रीवर्धनच्या शौकतच्या इथल्या बेकरीतून अनुराधानेच आणून दिली होती. बाहेर धुकं होतं. प्लांटच्या चिमण्या दिसत नव्हत्या, नुसता त्यांचा वास येत होता. एरवी असुंता रेडिओ लावून, स्वतःशी गात काम करायची. आज रेडिओ बंद होता.

"तुला बरं नाही का?" अनुराधाने विचारलं.

"घर आवरतेय ना. झोप होत नाही."

ते खरं असणार असं अनुराधाला वाटलं. भिंतीला टेकून खोकी उभी होतीच. तिने मसाला वाटला, असुंताने पिठात खड्डा करून त्यात साखर आणि पाणी घातलं, आणि दोघी मळायला लागल्या. पीठ हाताला चिकटत होतं. घड्याळात नऊ वाजत आले होते.

काहीतरी बोलावं म्हणून अनुराधाने आईची गोष्ट काढली. पहिल्या वर्षी तिने डबा भरून रोकोको नाशिकला नेले होते. आईने कवळी काढून ठेवली, एक बांगडी उलटसुलट करून पाहिली आणि सुनेला म्हणाली, "अगं, हे खायचंय की ठोकायचंय? अडकित्ता आण." आणि खरोखर अडकित्त्याने सुपारीसारखे तुकडे करून, दुधात बुडवून, तिने चार दिवसांत डबा संपवला होता. अनुराधाने पिठाच्या हातांनी आईची नक्कल केली. बोळकं तोंड, बारीक केलेले डोळे, कचकन मिटलेला अडकित्ता. करता करता तिला स्वतःलाच हसू आवरेना. महिन्याभरात ती अशी हसली नव्हती.

असुंता हसली नाही. ती वळली आणि ओव्हनचं दार उघडून आत बघत राहिली, ओव्हन रिकामा असताना.

पहिला ट्रे करपला. असुंताच्या हातून सात वर्षांत एकही ट्रे करपला नव्हता. तिने तो न बोलता कचऱ्याच्या डब्यात उलटा केला. तिचा फोन दोनदा थरथरला, दोन्ही वेळा तिने पाहिलं आणि पालथा ठेवला. दुसऱ्या ट्रेच्या बांगड्या वळताना अनुराधा म्हणाली, "असुंता, तुझा फोन दे ना जरा. जयदीपला लावते. आईचा व्यायाम झाला असेल एव्हाना."

"बॅटरी गेलीय."

"आत्ता तर वाजला."

"आता गेली," असुंता म्हणाली आणि बांगडीवर बदाम दाबत राहिली, इतक्या जोरात की बांगडी तुटली. तिने ती परत जोडली.

अनुराधाला थोडं लागलं. परदेशात कॉल लावायचा म्हणून नको म्हणतेय की काय, असंही मनात येऊन गेलं. पण निघायच्या दिवसांत माणूस कावलेला असतो, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

साडेअकराला दूध लावलेला ट्रे बाहेर आला. संत्र्याचा आणि लवंगेचा वास घरभर पसरला. अनुराधाने एक गरम बांगडी मोडून तोंडात टाकली. गरम असताना ती तेवढी कडक नसते. मग तिने कपाटातून निळा पत्र्याचा डबा काढला, आत कागद घातला आणि मऊसर राहिलेल्या बांगड्या निवडून त्यात रचायला लागली.

"या आईच्या," ती म्हणाली. "आज व्हिसा झाला तर या आठवड्यातच जाईन. अजून दोन मिनिटं आधी काढायला हव्या होत्या, नाही? आता अडकित्ता तरी धरवेल की नाही तिला."

असुंता खुर्चीत बसली. तिने डबा स्वतःकडे ओढला आणि झाकणावर हात ठेवला.

"राधा, हा नको भरूस."

"का?"

"तुझी आई नाही आता. आज पहाटे गेली."

अनुराधाला आधी वाटलं, भाषेची चूक झाली. त्यांच्यात अशा चुका नेहमी व्हायच्या. "गेली म्हणजे? हॉस्पिटलमध्ये नेलं का परत?"

"नाही. वारली. तुझ्या भावाने हरिहरला फोन केला. हरिहर सहा वाजता आमच्याकडे आला होता. व्हिसा हातात येईपर्यंत तुला सांगायचं नाही म्हणाला. तुझ्या वडिलांच्या वेळी तू बेशुद्ध पडलीस, दोन दिवस सलाईनवर होतीस. तो म्हणाला, जाता तर येणार नाही, मग नुसती तडफडेल. मला म्हणाला, दुपारपर्यंत तुझ्याकडे ठेव."

"आणि तिकडे?"

असुंताने घड्याळाकडे पाहिलं नाही. "नऊ वाजता केलं सगळं. आपल्या इथल्या नऊला."

अनुराधा उभीच होती. नऊ वाजता आपण काय करत होतो हे तिला आठवावं लागलं नाही. तोंडात अजून लवंगेची चव होती. तिने बेसिनपाशी जाऊन चूळ भरली, परत भरली, मग हात धुवायला लागली. पीठ बोटांच्या बेचक्यात वाळून बसलं होतं, निघत नव्हतं. असुंता मागे येऊन उभी राहिली, पण तिने हात लावला नाही.

"व्हिडिओवर तरी दाखवलं असतं मला," अनुराधा नळाकडे बघत म्हणाली. "एवढं तर करता आलं असतं."

अनुराधाने एप्रन काढून खुर्चीवर ठेवला, मिक्सर तिथेच सोडला आणि मागच्या दाराने वीस पावलं चालत घरी आली. थंड पाण्याने डोक्यावरून आंघोळ केली. देवापुढचा दिवा सकाळी तिनेच लावला होता, तो तेवतच होता. सुतकात देवाला शिवायचं नसतं. ती त्याच्यासमोर न जाता लांबूनच बघत बसली, तो आपोआप विझेपर्यंत. आजचा अर्धा दिवस ती गोडधोड करत होती, खात होती, हसत होती, याचं तिला काय करावं कळेना. ती बेशुद्ध पडली नाही. रडूही आलं नाही. नुसती बसून राहिली.

दोन वाजता रुचा आली. दारातच आईचे ओले केस पाहून तिला सगळं कळलं.

"ममा, पापांनी गाडीत सांगितलं," ती म्हणाली, आणि मग तिचं मराठी संपलं. "आय वॉन्टेड टू टेल यू. ही सेड नो."

"शाळेत गेलीस तशीच?"

"मॅथ्सची टेस्ट होती."

अनुराधाने तिला जवळ घेतलं. पोरीच्या पाठीवर हात फिरवताना तिच्या मनात एवढंच येत होतं, की या घरात आज आपल्यालाच तेवढं ठाऊक नव्हतं.

हरिहर साडेतीनला आला. व्हिसा झाला नव्हता. बुकरा म्हणाले होते. त्याने तिचा फोन टेबलावर ठेवला. फोन बंद होता. तिने सुरू केला तसे मेसेज धडाधड यायला लागले. माहेरच्या ग्रुपवर आईचा फोटो होता, हार घातलेला, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. आतेबहिणीने, मावसभावाने, शाळेतल्या मैत्रिणींनी, सगळ्यांनी हात जोडले होते. चौऱ्याऐंशी मेसेज. त्यात जयदीपचा एकही नव्हता.

"तुझ्यासाठीच केलं," हरिहर म्हणाला. "जयदीपही तेच म्हणाला, ताईला इतक्यात सांगू नका, दाजी. तुला इथे काही झालं असतं तर मी काय केलं असतं?"

"मला काय झालं असतं?"

त्याने बूट काढून जागेवर ठेवले. मग म्हणाला, "जेवलीस का?"

व्हिसा मंगळवारी झाला. बुधवारी दम्मामहून विमान मिळालं आणि गुरुवारी दुपारी ती नाशिकला पोचली. अस्थी तिसऱ्या दिवशीच गोदावरीत सोडून झाल्या होत्या. आईची खोली आवरलेली होती. पलंगावर गादी नव्हती, भिंतीला वॉकर टेकवलेला होता. आईची देखभाल करायला ठेवलेली बाई तिचे राहिलेले पैसे आणि साडी घ्यायला आली होती. तिने अनुराधाला ओळखलं, रोज फोनवर बघायची म्हणून. "शेवटच्या रात्री आजी दोनदा उठल्या," ती म्हणाली. "अनूचा फोन आला का, विचारत होत्या. मी म्हटलं, सकाळी येतो ना त्यांचा. मग झोपल्या."

संध्याकाळी अंगणात तिने जयदीपला गाठलं. त्याचं डोकं भादरलेलं होतं, त्यामुळे तो लहान दिसत होता.

"मला का नाही सांगितलंस?"

"मी तर दाजींना फोन केला ना, ताई, पहिला. व्हिडिओ कॉल लावू का म्हणालो. तेच म्हणाले, नको, इथे मला एकट्याला झेपणार नाही. मग मी काय करणार? इकडे माणसं जमलेली, भटजी घाई करत होते."

"ते म्हणतात तू नको म्हणालास."

जयदीपने तुळशीकडे तोंड फिरवलं. "असं कसं म्हणेन मी," तो म्हणाला. पण ते काही पुरेशा खात्रीने म्हटल्यासारखं वाटलं नाही. अनुराधाने पुढे ताणलं नाही. तेराव्यापर्यंत घरात पंचवीस माणसं होती, तिने पोळ्या लाटल्या, पानं वाढली, आलेल्यांशी बोलली. सगळे म्हणत होते, आई सुटली. एकटं बसून रडायला तिला त्या घरात जागा सापडली नाही.

तेवीस तारखेला ती जुबैलला परतली. चोवीसच्या संध्याकाळी असुंताकडे दर वर्षी जेवण असायचं. यंदाही निरोप आला. अनुराधा गेली नाही, हरिहर आणि रुचा गेले. रुचाने येताना झाकलेली ताटली आणली, ती अनुराधाने तशीच फ्रिजवर ठेवली. असुंताने त्या चार दिवसांत तीनदा बेल वाजवली. तिन्ही वेळा अनुराधा घरात होती आणि उठली नाही. तिला राग आला होता असंही म्हणता येत नव्हतं. समोर गेल्यावर चेहरा कसा ठेवायचा, हेच तिला सुचत नव्हतं.

अठ्ठावीसला सकाळी विमानतळावर न्यायची व्हॅन आली. खिडकीतून अनुराधाला विन्चेन्झो दिसला, बॅगा एकट्याने चढवताना. त्याला दमा होता. ती बाहेर गेली आणि एक बॅग तिने उचलली.

असुंता दाराला कुलूप लावून वळली. वीस दिवसांत ती उतरली होती. नेहमी भेटली की ती दोन्ही गालांना गाल लावायची. आज हात कोटाच्या खिशात ठेवून उभी राहिली.

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली. "हरिहरने मला विचारलं आणि मी हो म्हटलं. मला 'नाही' म्हणता आलं असतं. त्याने काही बंदूक नव्हती धरली. मला वाटलं, तीन तास काय ते, पार पडतील. तू आईची नक्कल केलीस तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हाही नाही सांगितलं."

"मी हसत होते," अनुराधा म्हणाली.

"हो."

"आणि तू फोन दिला नाहीस."

"नाही दिला. बॅटरी होती."

अनुराधाने मान हलवली. या सगळ्या प्रकरणात 'हे मी केलं' असं म्हणणारं पहिलं माणूस तिच्यापुढे उभं होतं, आणि ते निघालं होतं. तिला जाऊ दे म्हणावं, झालं ते झालं म्हणावं, असं मनात आलं. तोंडून निघेना. झालं ते झालं नव्हतं. तिने असुंताच्या कोपराला धरलं, कोटावरूनच, आणि जरा वेळ तशीच धरून राहिली.

"शेवटी तूच सांगितलंस," ती म्हणाली. एवढंच तिला खरं बोलता आलं.

असुंताचे डोळे भरले. विन्चेन्झोने गाडीतून हाक मारली, फाटकावर तपासणीला वेळ लागतो म्हणाला. ती चढली. व्हॅन वळली, फाटकापाशी थांबली, बरीच थांबली, आणि मग दिसेनाशी झाली. माळी असुंताच्या दारातल्या कुंड्या एकेक करून हातगाडीत भरत होता. घर आता कुणा दुसऱ्याचं होणार होतं.

अनुराधा आत आली. शनिवार होता, हरिहर टेबलाशी फोन बघत बसला होता.

"गेले?" त्याने विचारलं.

"गेले." ती त्याच्या समोर बसली. "मला एकदा सांगा. त्या पहाटे तुमचं आणि जयदीपचं नक्की काय बोलणं झालं? कोण काय म्हणालं? मी भांडणार नाही. फक्त मला माहीत हवं."

हरिहरने फोन खाली ठेवला. तो तिच्याकडे बघत होता, आणि क्षणभर तिला वाटलं की तो सांगेल. मग त्याने चष्मा काढून पुसला.

"आता त्याचा काय उपयोग, अनू," तो म्हणाला. "सोड ना. किती दिवस धरून बसणार?"

आतून रुचाने विचारलं, जेवायला काय आहे. अनुराधा उठली, डब्यातून दोन वाट्या तांदूळ काढले, आणि धुवायला नळाखाली धरले.